बाकावरचा माणूस

६ मार्च १९६२, मंगळवार

आजचा दिवस सोन्याच्या शाईने लिहायला हवा. घरात निळीच आहे. आज मी कॅमेऱ्यासमोर तीन वाक्यं बोललो. सलग! इतकी वर्षं पॅरिसच्या स्टुडिओंत घालवली, पण ‘इकडून गेला, साहेब’ आणि ‘जेवण तयार आहे’ याच्यापुढे माझी गाडी कधी गेली नव्हती.

स्थळ: कालव्याकाठचं बाक. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ऑक्ताव्ह ब्रिसार. होय, तोच. माझ्यासारखंच टक्कल, माझ्यासारखंच पोट, माझ्यासारखाच घोगरा आवाज. पोलीस अधिकारी, पाद्री, खानावळवाला, असलं काही हवं असलं की निर्माते आम्हा दोघांतल्या एकाला बोलावतात, आणि तो एक नेहमी ब्रिसार असतो. या सिनेमात तर त्याला चक्क मोठी भूमिका. नायकाचा म्हातारा बाप, पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत. मी ‘बाकावरचा माणूस’. असो. नशीब एकेकाचं.

शॉट चालू असताना ब्रिसार मध्येच काहीतरी पुटपुटला. संहितेत नसलेलं. मला गडबडवायला, दुसरं काय! मी ढिम्म. जरासा डावीकडे सरकलो, पण ते पायाला मुंग्या आल्या म्हणून.

आईला गावी, थिएरला, फोन केला. ती शेजारच्या औषधवाल्याकडे येऊन बोलते. तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, तरी माझा प्रत्येक सिनेमा थेटरात जाऊन ‘बघते’. शेजारीण मादाम शासेन्य तिला कोपर मारते, आता आले हं तुमचे चिरंजीव. तेवढ्यात मागे कुणीतरी खोकतं आणि मी संपलेला असतो. म्हटलं, आई, या वेळी तीन वाक्यं आहेत, एकात कुणी खोकलं तरी दोन उरतील. ती म्हणाली, बघू या रे, ऐकू आलास म्हणजे मिळवली.

आन्सेल्म फुर्को, तुझे दिवस आले!

संकल्प: उद्यापासून चीज बंद. क्लोज-अपमध्ये हनुवट्या मोजता येतात.

७ मार्च

चीज चालू. घशाला ओलावा लागतो. आवाज हेच माझं भांडवल.

३० मार्च, शुक्रवार

ब्रिसार गेला. काल दुपारी, स्टुडिओसमोरच्या खानावळीत, कांद्याच्या सूपचा वाडगा पुढ्यात असताना. हृदय. मी तिथेच होतो, मागच्या टेबलावर, त्याच्याकडे पाठ करून. नेहमी तसाच बसतो. चमचा पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, लक्ष वेधून घ्यायला पाडला असेल. त्याला सवय होती.

वाईट झालं. लोक म्हणतात माणूस चांगला होता. माझी काही एवढी ओळख नव्हती.

२ एप्रिल

दफनाला गेलो. मी आत शिरलो तशी एक बाई मोठ्याने किंचाळली आणि दुसरी मटकन खालीच बसली. टक्कल, दुसरं काय. मागच्या रांगेत उभा राहिलो. पाद्री चांगला बोलला, पण आवाज पोहोचत नव्हता. मी असतो तर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवला असता.

ब्रिसार गेल्यावर आता पाद्री, पोलीस आणि खानावळवाले माझ्याकडेच येणार, असा विचार मनात आला नाही. उगाच कुणाला वाटायला नको, म्हणून इथे लिहून ठेवतो.

९ एप्रिल, सोमवार

दिग्दर्शक तेसांदिएचा फोन! आमच्या इमारतीच्या दारवान बाई मादाम व्हिनो जिन्यातून ओरडल्या, फुर्को, सिनेमावाला आहे, लवकर या, माझी खीर लागतेय.

मामला असा. कालव्यावर बोटी भोंगे वाजवत होत्या, कॅमेरा घरघरत होता. तिथल्याच काय, कुठल्याच शॉटच्या आवाजातलं एक अक्षर वापरण्याजोगं नाही. आमच्याकडे हे नेहमीचंच. मग सगळे नट स्टुडिओत येऊन पडद्याकडे बघत आपापल्या तोंडात आपापला आवाज भरतात. पण ब्रिसार आता कुठून येणार? तेसांदिए म्हणाला, मस्यो फुर्को, तुमचा आवाज हुबेहूब त्याच्यासारखा आहे. मी म्हटलं, उलट आहे, त्याचा माझ्यासारखा होता. तो म्हणाला, तेही चालेल.

म्हणजे संपूर्ण सिनेमाभर मी! सुरुवात आवाजाने, चेहरा मागून आपोआप येईल. मुलाखतीची तयारी सुरू केली. पहिलं वाक्य: ‘मी कधी धडपड केली नाही.’ आरशासमोर म्हणून बघितलं. खूपच सहज वाटतं.

१६ एप्रिल, सोमवार

डबिंगचा पहिला दिवस. काळोखी खोली. पडद्यावर सिनेमाचा एक तुकडा येतो, संपतो, पुन्हा तोच येतो. जमेपर्यंत फिरत राहतो. खाली एक पट्टी सरकत असते. तिच्यावर मादाम ओदेत या बाईंनी नटाचे ओठ बघून हाताने वाक्यं लिहिलेली. शब्द उभ्या रेघेपाशी आला की बोलायचं. पोरखेळ.

ब्रिसार आला. माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. आवाज नाही. तोंड मिटलं. गेला. पुन्हा आला, पुन्हा उघडलं.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेसांदिए म्हणाला, झोपलात का? झोपतोय कसला. तो माणूस तोंड उघडून माझी वाट बघतो हो! आवाज दे म्हणतो. दर वेळी तितक्याच शांतपणे.

खोलीतली हवा फार कोरडी आहे. तक्रार करणार आहे.

१८ एप्रिल

आता जमतंय. फारच जमतंय. मी श्वास घेतला की पडद्यावर त्याची छाती फुगते. आज मला शिंक आली आणि त्याने खिशातून रुमाल काढला. निव्वळ योगायोग. पण मादाम ओदेतनी छातीवर क्रूस काढला आणि बाहेर जाऊन बसल्या.

सकाळी दाढी करताना आरशात ओठ हलताना दिसले. मी काही बोलत नव्हतो. पाठांतर चालू असेल.

दुपारी खानावळीत कॉफी मागितली तर मालकाच्या हातून बशी पडली. म्हणाला, तुमच्याकडे पाठ होती हो, मला वाटलं... म्हटलं, काय वाटलं? म्हणाला, काही नाही. ब्रिसारची खुर्ची अजून कुणी घेत नाही. कमाल आहे! लाकडाची खुर्ची ती. मी म्हटलं, मी बसतो, आहे काय त्यात. बसलो नाही. तिथे वारा लागतो.

१९ एप्रिल

आज दिवसभर मेलो. सिनेमाच्या शेवटी बाप मरतो तो प्रसंग. तुकडा संपला की ब्रिसार पुन्हा जिवंत, पुन्हा उशीवर डोकं, पुन्हा माझी वाट बघणं. शेवटचा उसासा कसा असतो ते मी एकदा ऐकू शकलो असतो, अगदी जवळून. पण तेव्हा माझी पाठ होती.

तेसांदिए म्हणाला, वा, छान मेलात. खानावळीत ब्रिसारला असं कुणी म्हणालं नाही.

संकल्प: यापुढे खानावळीत तोंड दाराकडे करून बसायचं. केवळ उजेडासाठी.

२४ एप्रिल, मंगळवार

बाकाचा प्रसंग. आधी ब्रिसारचं वाक्य. पट्टीवर संहितेप्रमाणे लिहिलेलं: ‘आज काही पाऊस येत नाही.’ म्हटलं. ओठांत बसेना. पुन्हा म्हटलं. छे.

पडद्यावर ब्रिसार अर्धवट वळतो, बाकावरच्या मला काहीतरी बोलतो आणि बाकावरचा मी डावीकडे सरकतो. मादाम ओदेत म्हणाल्या, हे पावसाचं नाहीच, ओठ भलतंच बोलताहेत, पण मान वळलेली, मला नीट दिसत नाही. तेसांदिए माझ्याकडे वळला. तुम्ही शेजारीच होतात की, काय म्हणाला तो?

म्हटलं, आठवत नाही.

तुकडा फिरत राहिला. ब्रिसार वळे, बोले, थांबे. थोड्या वेळाने तो बाकावरच्या मला सांगतोय की खोलीतल्या मला, तेच कळेना. मानेवरून घाम ओघळायला लागला. मी म्हटलं, बरं, एकदा असं करून बघतो. आणि म्हटलं: ‘गड्या, जरा डावीकडे सरक. उजेड तुझ्यावर येऊ दे.’

तंतोतंत बसलं. श्वाससुद्धा.

मग तेसांदिए हळूच म्हणाला, म्हणून त्या शॉटमध्ये ब्रिसार स्वतः सावलीत गेलाय होय? आणि मी कॅमेरामनला झापलं! मादाम ओदेत चष्मा पुसत म्हणाल्या, हे वाक्य राहू द्या. राहिलं.

बाहेर आलो तर डोळे चुरचुरत होते. सिगारेटचा धूर. मी ओढत नाही, पण लोक ओढतात.

२७ एप्रिल, शुक्रवार

माझी तीन वाक्यं रेकॉर्ड झाली. अप्रतिम. मग दोघांचे आवाज एकत्र लावून ऐकले आणि सगळ्यांचे चेहरे पडले. एकच म्हातारा बाकावर बसून स्वतःशी बडबडतोय असं वाटतं. लोक म्हणतील, बापाला वेड लागलं.

तेसांदिए म्हणाला, दोन रस्ते आहेत. तुमची वाक्यं दुसऱ्याकडून म्हणवून घेऊ, किंवा तुमची तुम्ही ठेवा आणि सगळा ब्रिसार आपण दुसऱ्याकडून पुन्हा करून घेऊ. रेडिओवरचा एक विनोदी नट मोकळा आहे. आवाज जरा चिमणीसारखा, पण भागेल. तुम्ही म्हणाल तसं. बाकी आवाजाला पडद्यावर नाव देत नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे.

साहजिकच मी ठणकावून सांगणार होतो, माझ्या तोंडात माझाच आवाज राहील. आईला शब्द दिलाय. तिला कुठे दिसतंय काही! तोंडही उघडलं होतं मी. पण मागे तुकडा फिरतच होता, कुणी बंद केला नव्हता. ब्रिसार वळला, तोंड उघडलं आणि थांबला. त्याच्या तोंडून ती चिमणी म्हणणार: गड्या, उजेड तुझ्यावर येऊ दे.

म्हटलं, माझी वाक्यं द्या त्या रेडिओवाल्याला.

निर्णय शंभर टक्के व्यावहारिक आहे. तीन वाक्यं कुठे आणि अख्खा सिनेमा कुठे! आईला कळवलं नाही. बाहेरगावचा फोन फार महाग पडतो.

१४ जून

पाद्री, पोलीस, खानावळवाला, कुणाचंच बोलावणं नाही. उन्हाळ्यात इंडस्ट्री थंडच असते.

मादाम व्हिनो म्हणाल्या, तुम्ही जिन्यात कुणाशी बोलता हो? म्हटलं, तालीम करतो. म्हणाल्या, मग मध्येच थांबून ऐकता कशाला?

बाईला कामधंदा नाही.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

सिनेमा लागला. नवा टाय घातला. सुरुवातीलाच काळ्या पडद्यावर ‘ऑक्ताव्ह ब्रिसारच्या स्मृतीस’. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा जोरात. तो बोलायला लागला आणि शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, काय आवाज होता बिचाऱ्याचा! मी मान लववली. तिने विचित्र नजरेने बघितलं.

मग बाक. मी दिसलो. खरं सांगतो, इतका चांगला मी कधीच दिसलो नव्हतो. तोंडावर स्वच्छ ऊन. डोळेसुद्धा दिसतात. मग मी तोंड उघडलं आणि आतून चिमणी बोलली. थेटर हसलं. तिन्ही वाक्यांना हसलं. विनोदी भूमिकांचं दार उघडलं म्हणायचं.

ब्रिसार मेला तेव्हा सगळे नाक शिंकरत होते. मी त्याच्याबरोबर श्वास धरून बसलो होतो. सुटला तेव्हा दिवे लागलेले होते आणि झाडूवाली म्हणत होती, उठा मस्यो, संपला सिनेमा.

२९ ऑक्टोबर, सोमवार

आईचा फोन. काल मादाम शासेन्य तिला थेटरात घेऊन गेली. मी सबब तयार ठेवली होती: तुमच्या गावच्या थेटरातला लाउडस्पीकर बिघडलेला असणार. पण तिने मला बोलूच दिलं नाही.

म्हणाली, लबाडा, तीन वाक्यं म्हणाला होतास! अरे, पहिल्यापासून शेवटपर्यंत तूच की! ही शासेन्य सारखी कोपर मारते, अहो हे तुमचे नव्हेत, तुमचे ते बाकावरचे. तिला म्हटलं, गप्प बस बाई, माझं पोर मला ऐकू येतंय. शेवटी मेलास तेव्हा मात्र फार रडले रे. खोटं असतं हे कळतं, पण रडले. बरा आहेस ना?

म्हटलं, बरा आहे.

मग म्हणाली, सगळं छान होतं, पण बाकावर तुझ्या शेजारी तो चिवचिवणारा कोण होता रे? तू किती मायेनं म्हणालास त्याला, गड्या, सरक, उजेड तुझ्यावर येऊ दे. आणि त्या मेल्याने साधे आभार मानले नाहीत!

म्हटलं, होता असाच एक. बाकावरचा माणूस.

म्हणाली, भेटला तर सांग त्याला, अशानं वाईट दिसतं. अजूनही मान म्हणावं आभार.

म्हटलं, सांगतो.

खानावळीत गेलो. तोंड दाराकडे करून बसलो. मग उठलो आणि ब्रिसारच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसलो. मालकाने न विचारता दोन कॉफ्या आणून ठेवल्या. बराच वेळ तोंड उघडून बसलो होतो. आवाज आला नाही.