आडनाव कापणारं फंक्शन

४ जानेवारी, शनिवार

‘विड्या वळणाऱ्या माझ्या बहिणींनो, कुठल्याही कचेरीत तुमच्या नावाआधी तुमचं आडनाव वाचलं जातं, आणि रांगेतली तुमची जागा तिथंच ठरते.’

उद्याच्या सभेतलं पहिलं वाक्य. चांगलं आहे. इथं थांबायचं, पाणी प्यायचं, मग आवाज चढवायचा.

घरांच्या सोडतीसाठी आमच्या संघटनेची यादी सोमवारी कचेरीत जायची आहे. ४१२ बायका. अर्ज संघटनेतल्या माझ्या जुन्या जोडीदारानं, शंकरप्पानं, गोळा केले — दोन महिने, सायकलवरून, गल्लोगल्ली. मी ते कॉम्प्युटरवर चढवले आणि प्रत्येक नावातलं आडनाव काढून टाकलं. सोडतीत जात दिसता कामा नये. माझं स्वतःचं आडनाव मी १९८४ साली टाकलं. तेव्हापासून नुसता यशपाल. चाळीस वर्षं व्यासपीठावरून जे सांगत आलो, ते आज चार ओळींच्या फंक्शननं केलं.

दीक्षानं पुण्याहून तिचा जुना लॅपटॉप पाठवला तेव्हा म्हणाली होती, ‘पप्पा, वेळ जात नाही ना, पायथन शिका.’ कॉम्प्युटरला कामं सांगायची ही भाषा मी शिकलो. वेळेचं एवढं काही नव्हतं. रविवारी पोरीचा फोन येतो — जेवलात का, गोळी घेतली का — आणि संपतो. आता तिला विचारायला माझ्याकडे काहीतरी असतं.

अक्षरांच्या ओळीला तिथं स्ट्रिंग म्हणतात. तिच्यावर काम करणारी फंक्शनं तयारच मिळतात. स्ट्रिप कडेच्या मोकळ्या जागा पुसतं. स्प्लिट मोकळी जागा दिसेल तिथं ओळ तोडतं. जॉइन तुकडे पुन्हा जोडतं. लेन मोजतं — ‘दीक्षा’ मोजायला दिलं तर सहा म्हणालं, मात्रा आणि जोडाक्षराचे भाग सगळे सुटे धरून. दोन अक्षरांची माझी मुलगी त्याच्या लेखी सहा. तिला सांगितलं तर हसली. बऱ्याच दिवसांनी.

माझं फंक्शन असं: नाव तोडा, शेवटचा तुकडा टाका, उरलेले जोडा. मग सारखी नावं आली तर एकच ठेवा.

४१२ ची ३९७ झाली. पंधरा दुबार.

शंकरप्पानं पंधरा बायका वाढवल्या?


५ जानेवारी, रविवार

सभा गाजली. मैदान भरलं होतं, पाठीमागं रिक्षांच्या टपावर माणसं.

आडनावांवर वीस मिनिटं बोललो. मग यादीवर आलो. ‘आपल्या घरातच उंदीर आहे! पंधरा खोटी नावं या यादीत घुसवली गेली. अर्ज कुणी गोळा केले, ते तुम्हाला माहीत आहे.’ टाळ्या नाही पडल्या. सगळ्या माना शंकरप्पाकडे वळल्या. तो पहिल्या रांगेत होता. उठला, चप्पल शोधली, सायकल घेतली, गेला.

बोलला असता तर बरं झालं असतं. उत्तर मी तयार ठेवलं होतं.

सभेआधी आम्ही दोघांनी एकाच टपरीवर चहा घेतला होता. तेव्हा विचारता आलं असतं.


६ जानेवारी

यादी दिली. पोच घेतली. तीस तारखेला सोडत. हरकती चोवीसपर्यंत.


८ जानेवारी, बुधवार

चंद्रव्वा आली होती. आमच्याच गल्लीतली, तीन घरं सोडून. यादी कचेरीबाहेर लावली आहे, ती बघून आली.

‘सर, माजं नाव न्हाय की त्यात.’

म्हटलं, तुझं एकाहून जास्त वेळा आलं होतं, जास्तीचं काढलं.

‘मग एक तरी ऱ्हायला पायजे की.’

म्हटलं, आहे ना चंद्रव्वा.

‘आवो, ती मी न्हवं. नुसतं चंद्रव्वा लिवलंय आन् पत्ता पलीकडच्या पेठेतला. तितं ऱ्हाणारी वेगळी, मी वेगळी. उद्या घराची चावी कुणाला देनार?’

बघतो म्हणालो. बघितलं नाही. कंटाळा आला असं लिहिणार होतो, पण रोजनिशीत तरी खरं लिहावं. पंधरा हा आकडा मला आवडला आहे. तीस वर्षं बायका अडचण घेऊन शंकरप्पाकडे जातात आणि माझ्याकडे टाळ्या वाजवायला येतात. रेशनकार्ड अडलं की शंकरप्पा, पोराचा दाखला अडला की शंकरप्पा. तो दोन वाक्यं धड बोलू शकत नाही, मधेच कानडीत शिरतो. तरी त्याच्याचकडे.


१३ जानेवारी, सोमवार

भोगी. मी सण मानत नाही, हे सगळ्या शहराला माहीत आहे. तरी दर भोगीला शंकरप्पाच्या घरून डबा येतो आणि मी तो खातो — तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, लोण्याचा गोळा. शंकरप्पा दर वर्षी विचारतो, ‘देव नको, देवाची भाकरी चालती व्हय रे?’

यंदा येणार नाही असं धरून मी भात टाकला होता. आला! विड्यांच्या कारखान्यात शंकरप्पाची बायको काशम्मा आणि चंद्रव्वा शेजारी बसतात. चंद्रव्वाच्याच हातून.

उघडला नाही. चंद्रव्वाला म्हटलं, परत ने. सांग, डबा देऊन माझं तोंड बंद होणार नाही, चोरी पचणार नाही.

चंद्रव्वा दारात उभी राहिली. ‘आसं सांगू?’

‘असंच सांग.’

भात करपला होता. तोच खाल्ला.


१५ जानेवारी

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला सगळं सोलापूर लोटलंय. पाळण्यांचे भोंगे इथवर ऐकू येतात. शंकरप्पाबरोबर दर वर्षी चक्कर व्हायची. तो मंदिरात जायचा, मी बाहेर त्याच्या चपला सांभाळत पुस्तक वाचायचो.

आज दिवसभरात कुणाशीही एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी घसा खाकरला तर आपलाच आवाज दचकवून गेला.


१६ जानेवारी, गुरुवार

चंद्रव्वा पुन्हा आली. बरोबर आणखी दोघी. एकीचं नाव चंद्रव्वा, दुसरीचंही चंद्रव्वा.

‘ही मल्लप्पाची, ही गुरप्पाची, मी शिवप्पाची. आता तुमी सांगा सर, आमच्यात दुबार कोन?’

दुसरी म्हणाली, ‘तिघींत मिळून एकच खोली द्या मग. नवरे बी आळीपाळीनं ठेवतो.’ तिघी हसल्या. मला हसता आलं नाही.

गुरुवार असूनही दीक्षाला फोन केला. ती घाबरली. ‘बरं आहे ना?’ यादीचं सांगितलं. फंक्शन काय करतं ते सांगताना मी समतेवर गेलो असणार, कारण ती म्हणाली, ‘पप्पा, भाषण थांबवा. शेवटचा तुकडा टाकता म्हणालात ना? तो आडनावच आहे हे त्याला कसं कळतं?’

शेवटचा असतो म्हणून.

‘त्याला तेवढंच कळतं, शेवटचा. एका शब्दाचं नाव देऊन बघा. तुमचंच द्या.’

दिलं. यशपाल. एंटर दाबलं.

रिकामी ओळ आली.

पुन्हा दिलं. पुन्हा रिकामी ओळ. एकाच शब्दाचं नाव, त्यातला शेवटचा तुकडा टाकला, उरलं काही नाही.

‘काय आलं?’ ती विचारत होती. काही नाही, म्हटलं.

मग तिनं विचारलं, ‘पत्ते वेगळे होते, अर्जांचे नंबर वेगळे होते. ते नाही बघितलेत?’

‘नाही.’

‘का?’

उत्तर मला येत होतं. मुलीला दिलं नाही.


१७ जानेवारी

मूळ यादी आणि कापलेली यादी शेजारी ठेवून कागदावर उतरवलं. पंधराही जणी सापडल्या. पंधराही खऱ्या. वेगळी घरं, वेगळे अर्ज.

या बायका आडनाव लावतच नाहीत. अक्कलकोटाकडच्या. आपलं नाव, पुढं नवऱ्याचं, झालं. फंक्शननं प्रत्येकीचा शेवटचा तुकडा कापला. तीन चंद्रव्वांची एक चंद्रव्वा झाली, चार चन्नम्मांची एक. आडनाव नसलेल्या बायका इतकी वर्षं माझ्यासमोर बसत होत्या, आणि मी त्यांना आडनाव टाकायला सांगत होतो.

माझं मी टाकलं, तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. यांच्या नावाचा तुकडा मी यांना न विचारता टाकला.

यादीत दोन काशम्मा होत्या. एक सिद्धप्पाची, ती राहिली. गळाली ती अर्ज क्रमांक २०६ — काशम्मा शंकरप्पा.

डबा तिनं पाठवला होता.


१८ जानेवारी, शनिवार

त्याच्या घरी गेलो. दार काशम्मानं उघडलं. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

‘आत या की सर. भाजी खारट झाली हुती काय? डबा तसाच आला.’

चंद्रव्वानं माझा निरोप सांगितलाच नव्हता म्हणजे.

मी म्हटलं, वहिनी, सभेतलं तुमच्या कानावर आलंच असेल.

‘आलं की. तुमचं भांडन सभंतलं, डबा घरातला. बसा, कडक भाकरी हाय, शेंगाची चटणी हाय.’

शंकरप्पा आत लोखंडी पेटीवर बसला होता. त्या पेटीत मूळ अर्ज आहेत. ती पाणी आणायला गेली तेव्हा हळू म्हणाला, ‘तिला म्हाईत न्हाय अजून. त्या पंधरात ती हाय म्हणून.’

‘तुला कधीपासून माहीत?’

‘यादी लावली त्या दिवशी बघितली. म्हटलं, बायको बी बोगस निघाली. तीस वर्षं मला पत्ता न्हाय.’

हसवायला म्हणाला. दोघंही हसलो नाही.

‘मला येऊन का नाही सांगितलंस?’

‘तू इचारलंस व्हय मला?’

मी सगळं सांगितलं — तुकडे, शेवटचा शब्द, रिकामी ओळ. चूक माझी, हेही म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं. चोवीसपर्यंत पंधराजणींनी मूळ अर्ज घेऊन स्वतः कचेरीत हजर राहायचं आणि अर्ज घेणाऱ्यानं सही करायची, तर नावं परत चढतात. म्हणजे ती पेटी हवी, आणि त्याची सही.

‘सही देतो. बायकांच्या घराचा सवाल हाय, आडवणारा मी कोन.’ मग थांबला. ‘पन हे जे आत्ता बोललास, ते हितं चार भिंतीत न्हाय चालायचं. चोर म्हणालास ते माईकवर म्हणालास. आन् हिलाबी तूच सांग. तितंच.’

काशम्मानं ताट आणलं. खाल्लं. घास गिळताना तिच्याकडे बघवत नव्हतं. ती वाढत राहिली.


२१ जानेवारी

परवा सभा. चार सुरुवाती लिहिल्या, चारही फाडल्या. एकीत चूक यंत्राची होती. एकीत कचेरीच्या मुदतीची. एकीत हजारो वर्षांच्या जातिव्यवस्थेची — ती सगळ्यात सुंदर झाली होती, टाळ्या नक्की पडल्या असत्या. चौथीत आधी माझ्या चाळीस वर्षांच्या कामाचा हिशेब होता.

दीक्षाचा फोन आला, मंगळवार असून. ‘झालं का लिहून?’ म्हटलं, लांबतंय. म्हणाली, ‘स्ट्रिप करा.’

कडेच्या मोकळ्या जागा पुसतं ते. पुसत गेलो.


२३ जानेवारी, गुरुवार

सभेत वाचायचं ते एवढंच.

‘पंधरा नावं खोटी आहेत असं मी इथूनच म्हणालो. ती खरी आहेत. मी ती कापली आणि चोर शंकरप्पाला म्हणालो. त्याच्या पेटीतले अर्ज घेऊन उद्या सकाळी दहाला आपण कचेरीत जाणार आहोत. आता मी बोलायचं थांबतो. नावं लिहून घ्यायला वही घेऊन खाली बसतो. काशम्मावहिनी, त्या पंधराजणींत तुम्हीही आहात. पहिल्यांदा तुम्ही उठा, माईक हातात घ्या आणि तुमचं पूर्ण नाव सांगा.’