ओटीचा वाल

उंद्री, २४ ऑक्टोबर १९६१

घर पक्कं झालं. मालक उत्तमरावांनी सकाळी शाळेत येऊन यांना तसं सांगितलं, आणि दिवेलागणीच्या आत आमचं सामान इथे येऊनही पडलं. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे विहीर आणि घरापेक्षा तिप्पट मोठं परसू! नाशिकला आमच्याकडे चार कुंड्या होत्या, त्यांचंही मला केवढं कौतुक. वडिलांनी लग्नात दिलेली ही वही आता बागेसाठीच ठेवायची.

काळी जमीन आहे, नुसती मूठ भरली तरी हाताला चिकटते. शेवंतीला कळ्या धरल्यात. कुंपणाला झेंडू. वांग्याची रोपं कुणीतरी मायेने लावलेली. ते कुणीतरी म्हणजे गोजरबाई. त्या आणि त्यांचे यजमान पुंजाजी इतकी वर्षं इथे राहून बाग राखत होते. आम्ही आलो आणि ते निघाले. पुंजाजी खोकून खोकून वाकलेले. गोजरबाई बोलता बोलता सारख्या त्यांच्याकडे बघत होत्या.

निघण्याआधी त्यांनी माझी ओटी भरली. मला पाचवा लागलाय हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं. खण, नारळ, आणि गव्हाऐवजी वालाचे काळसर दाणे. "खाऊ नोका बरं, बाई. याच मातीत पेरजा. या घरचा रिवाज हाय," म्हणाल्या. आमच्याकडे ओटीतले चार दाणे भरणारीच्या ताटात परत टाकतात, म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी ताट झटकन मागे घेतलं. "सारे तुमचेच," म्हणाल्या. मला हसूच आलं. गाव तितक्या रीती.

फाटकाबाहेर पडल्यावर गोजरबाई चक्क धावत सुटल्या. या वयात!

२ नोव्हेंबर

वाल तिसऱ्याच दिवशी उगवला. आज माझ्या खांद्याला लागतोय. मेथी, पालक, मुळा यांचे वाफे केले, भेदरांची, म्हणजे टमाट्यांची, रोपं लावली. शेजारच्या रुखमाबाई कुंपणापलीकडून शिकवतात आणि टोमणेही मारतात. "बाई, वाफ्याले पाणी देऊन राह्यल्या का आंघोळ घालून राह्यल्या?" स्वभाव मोकळा आहे. चहाला या म्हटलं तर मात्र, "काम पडलंय," म्हणतात.

१२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. माझ्या झेंडूची तोरणं अर्ध्या गावाच्या दारांवर लागली. पाडव्याला आळीतल्या बायकांना कुंकवाला बोलावलं होतं, करंज्या करून ठेवल्या होत्या. एकही आली नाही. फुलं सगळ्यांनी कुंपणावरूनच नेली. हे म्हणाले, नवे आहोत, दबकत असतील. रुखमाबाईंना विचारलं, तर त्या ओशाळल्या. "राग नोका मानू, पण तुमच्या घरचं कुंकू आमाले नोको." का, ते सांगितलं नाही.

करंज्या शाळेतल्या मुलांना वाटल्या.

३ डिसेंबर

थंडी चांगली पडलीये. शेवंती भरात आहे, पिवळी आणि एक लालसर जांभळी. वालाने ओसरीचा खांब घेतला, आता छपरावर चढतोय.

आज चिखलीला जायला निघाले होते, बाळंतविड्याचं कापड घ्यायला. एस.टी.च्या थांब्यापर्यंत जाईतो घसा इतका कोरडा पडला की शब्द फुटेना. पाय गार. लोकांनी पाणी पाजलं, त्याने काही होईना. शेवटी यांनी मला बैलगाडीत घालून परत आणलं. परसात बघते तर वाल मान टाकून पडलेला. मी आपल्या विहिरीचं पाणी प्यायले, उरलेलं त्याच्या बुडाशी ओतलं. थोड्या वेळाने आम्ही दोघंही सावरलो.

दोघंही असं लिहून गेले. लिहिलेलं खोडत नाही.

१९ डिसेंबर

थंडीच्या कडाक्याने गावातली तूर काळी पडली. माझी मेथी करपली, भेदरं मऊ पडली, शेवंतीही वाळली. वाल तेवढा हिरवागार. खिडकी त्याने झाकून टाकलीये, खोलीत दुपारीही कंदील लागतो. आज सकाळी यांनी विळ्याने वेल तोडून खिडकी मोकळी केली. ऊन आत आलं. बरं वाटलं.

त्या घटकेपासून पोटात बाळ हललेलं नाही.

२० डिसेंबर

दुपारपर्यंत काही नाही. सुईण आली, कान लावून बसली, तशीच उठून गेली. उन्हं कलताना तोडलेल्या जागी बोटभर हिरवा कोंब दिसला. मी त्याच्याकडे बघत असतानाच बाळाने लाथ मारली.

यांना सांगितलं. हे हसले नाहीत, पण म्हणाले, गावात जो तो अष्टग्रहीच्या गोष्टी करतोय, जग बुडणार म्हणतोय, त्यात तुझंही मन. विळा मी विहिरीत टाकला.

२ जानेवारी १९६२

दादा न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरीच, आईने खोलीसुद्धा सारवून ठेवलीये. मी पातळं बांधली. दादा पुढे, मी मागे. फाटकात पाऊल टाकलं आणि पोट दगडासारखं आवळलं. एक पाऊल आणखी टाकलं, पायावर रक्ताचा ओघळ आला. मागे सरले. थांबलं. दादांना वाटलं, प्रवास झेपणार नाही. सुईणीनेही तेच सांगितलं. दादा डोळे पुसत एकटेच खामगावच्या गाडीत बसले.

गाडी गेल्यावर रुखमाबाई कुंपणाशी आल्या. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती. गोजरबाई नवी नवरी होऊन या घरात आली, तेव्हा आधीच्या बाईने तिची अशीच ओटी भरली होती. "थे पोटुशी असताना फाटकाबाहेर पळाली, बाई. लेकरू फाटकातच गेलं. मंग पुन्हा काही झालं नाही." ती कशी सुटली, विचारलं. त्यांनी आधी मागे वळून रस्ता बघितला. मग म्हणाल्या, "तुमची ओटी भरली नं. तशीच." वाल जिच्या पदरात पडतो तिचाच होतो. दुसरीच्या पदरात घालावा, तेव्हाच सुटका. आणि ओटी भरायची तर कुंकू पाहिजे कपाळावर. पुंजाजी गेले असते, तर गोजरबाई जन्मभर इथेच.

"मले आधीच सांगाले पाह्यजे होतं," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

चार दाणे. ताटात चार दाणे परत टाकता आले असते, तर.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ केला, हळदीकुंकवाचं ताट मांडून बसले. कुणी येणार नाही हे ठाऊक असून बसले. रस्त्यावरून बायका नटून जात होत्या, फाटकाशी आल्या की पलीकडच्या कडेने. मी एकेकीच्या पदराकडे बघत होते — मला माझीच लाज वाटली.

वेलाला शेंगा लागल्यात. यांना ताप.

२२ जानेवारी

ताप उतरत नाही. डॉक्टर चिखलीहून आले, विषमज्वर म्हणाले. वेलाने मागचं दार धरलंय, विहिरीवर जायला ओसरीवरून वळसा घालते. तोडायची हिंमत नाही. बाळ हलतंय. आता तेवढंच बघते — बाळ हलतंय, यांचा श्वास चालू आहे.

बाग संपली. सगळे वाफे वाळले. हा एकटा.

२७ जानेवारी

शेंगा वाळून तडकताहेत. दाणे गोळा केले. का केले —

यांना भ्रम झाला होता. मला ओळखलं नाही. गोजरबाई नवऱ्याकडे तशा का बघत होत्या ते आता कळलं. मीही तशीच बघते. मायेने बघते की मोजदाद करते, माझं मलाच —

३१ जानेवारी

उत्तमराव आले. फाटकाबाहेरूनच बोलले. शाळेला यांच्या जागी तात्पुरते मास्तर मिळालेत, उद्धव नावाचे. परवा येताहेत, बायको सोबत आहे, शकुंतला. नवं लग्न. गावात दुसरी जागा नाही, पुढची खोली त्यांना द्या म्हणाले. जाताना मान वळवून म्हणाले, "ओटी भरून घरात घेजा बरं, बाई. आपल्या घरचा रिवाज हाय."

त्यांना ठाऊक आहे. सगळ्या गावाला —

मी भरणार नाही.

१ फेब्रुवारी

रुखमाबाईंना हाक मारली. शकुंतलेला थांब्यावरच गाठा, इकडे येऊ देऊ नका, सांगा तिला. त्या रडल्या. "मंग तुमचं लेकरू, बाई?"

हाक परत घेतली. नका सांगू म्हटलं.

देवा.

२ फेब्रुवारी

यांचा श्वास घरघरतोय. डॉक्टर उद्या येणार, पण उद्यापर्यंत — कुंकू लावण्याआधी यांची छाती हलतेय का ते बघितलं.

बाळ सकाळपासून हललेलं नाही. वेल पिवळा पडायला लागलाय. दाणे देऊन टाकलेत त्याने, आता दुसरी माती हवी.

नारळ सोललाय. खण माहेरचाच, दादांनी आणलेला. दाणे ताटात. मी भरणार नाही म्हटलं होतं.

गाडीचा भोंगा वाजला थांब्यावर. आता येतील. कुणीतरी तिला फाटकाशी सोडेल आणि मागे सरेल. ती हसत आत येईल, परसू बघून खूश होईल. मी कुंकू लावीन. ती दोन्ही हातांनी पदर पुढे करील, आम्ही सगळ्याच करतो तसा. मी ओंजळ भरीन. मग रीतीप्रमाणे चार दाणे परत टाकायला ती हात पुढे करील, आणि मी ताट —