गाडी लागेल कुठे?

४ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

शिलाईचं दुकान अखेर बंद केलं. आता मोटरहोम घ्यायची, म्हणजे चाकांवरचं घर, आणि तुझ्या वहिनीला जग दाखवायचं. दोन गाड्या पसंत आहेत. मोठी ऐसपैस, तीन बिछान्यांची, उभं राहून अंघोळ करता येते. पण ती तुझ्या गल्लीत वळणार नाही. लहानीत दोनच बिछाने, पण तुझ्या दारात मापात बसते. मागच्या खेपेला मी टेप लावून तुझी गल्ली मोजली, तेव्हा शेजारीण खिडकीतून बघतच राहिली.

जन्मभर शिवणीत जादा कापड ठेवत आलो, गिऱ्हाईक सुटलं तर उसवता यावं म्हणून. गाडी काही उसवता येत नाही. वहिनी म्हणते, तुम्ही ठरवाल ते. तुझं मत कळव.

लोभ आहेच, तो धुण्यात आटू देऊ नकोस.
तुझा दादा

११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आवरेना. लहान गाडी माझ्या दारात येणार, पण तिच्यात मला जागा नाही. मोठीत जागा आहे, पण ती दारात येणार नाही. माझ्या सोयीचा फारच विचार केलास!

शाळेतली नोकरी संपल्यापासून मी या दोन खोल्यांत भिंतींशी बोलते. मलाही यायचंय, दादा, स्पष्टच लिहिते. मोठी घे. मी बॅग घेऊन नाक्यापर्यंत चालत येईन. आणि वहिनीला एकदा नीट विचार.

माया पातळ न व्हावी, ही विनंती.
चिमी

२ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

ह्यांनी लहान गाडी घेतली. तुमचं पत्र वाचून डोळे पुसले आणि तरीही लहानच घेतली. बहिणीच्या दारापासून लांब गाडी उभी केली तर लोक काय म्हणतील, म्हणाले.

महिनाभर घरात एकच विषय, गाडी कुठे लागेल. मला गाडी लागते, हे मात्र इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. साध्या बसमध्येसुद्धा मी तोंडाशी पिशवी धरून बसते. काल सांगितलं, तर आधी का नाही बोललीस म्हणे. मी म्हटलं, आधी तुम्ही दुकानाबाहेर कधी पडलात?

तेव्हा दुसरा बिछाना तुमचा. हे रविवारी येतील, बॅग भरून ठेवा. मी मागून आगगाडीने येते, ती लागत नाही. किल्ली शेजारणीकडे द्या. तुमच्या दोन खोल्यांत मी एकटी राहणार आहे आणि कुणालाही चहा करून देणार नाही. हे झोपेत मापं बडबडतात, तेवढं सोसा.

लोभ असावा, आणि परतायची घाई नसावी.
तुमची वहिनी