गुडघ्याची साक्ष

नाशिक, ता. ४ डिसेंबर १९७९

ती. स्व. भिकनदादास,
लताचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे ठीक. वहिनींचा ठेचा दोन दिवसांत संपला, शेजारणी टपूनच होत्या.

आमच्या मुलींचा खो-खोचा संघ जिल्ह्याच्या फायनलला पोचला. पण सुरगाण्याची चिमणा, आमची सगळ्यात चपळ पोरगी, खांबापाशी पडली आणि घोटा टम्म सुजला. डॉक्टर म्हणाले, हाडाला चीर आहे, महिनाभर पळायचं नाही. हेडमास्तर म्हणतात, पट्टी आवळा आणि उतरवा. मी पी.टी.ची बाई आहे, कसाई नाही. तसं तोंडावर सांगून आले.

तुझी माया आहेच, ती राहू दे.
लता

ओझर, ता. ६ डिसेंबर

चि. लतास,
अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. बाई गं, तुझी नोकरी अजून पक्की नाही, एवढं तोंड कशाला चालवायचं? आमच्या गुरुजींनी दुखऱ्या गुडघ्याला हळद-तेल चोळून मला कबड्डीला उतरवलंच होतं की. ढाल आली, गावात मिरवणूक निघाली. हेडमास्तरांची माफी माग आणि मोकळी हो. तुझी वहिनी तुझ्याच बाजूची. तिला काय जातंय बोलायला.

जिवाला जप.
तुझा दादा

नाशिक, ता. १२ डिसेंबर

ती. स्व. दादास,
सविनय जयभीम. माफी मागितली नाही. चिमणाला खेळवलं नाही. एका गुणानं हरलो. चिमणा कडेला बसून रडली, अजून माझ्याशी बोलत नाही.

ढालीचं काय सांगतोस? ढाल शाळेच्या कपाटात आहे आणि गुडघा तुझ्याकडे. तेव्हापासून तुला मांडी घालून जेवता येत नाही. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला सगळे जेवायला खाली बसले आणि तू दाराशी स्टुलावर. मला फार वाईट वाटलं होतं. माझ्या हाताखालच्या पोरीचं असं मी होऊ देणार नाही.

सोमवारी शाळेच्या कमिटीपुढे जाब द्यायचाय. नोकरी गेली तर गेली. मी एकटी जाईन.

रागावलास तरी तुझीच,
लता

ओझर, ता. १४ डिसेंबर

चि. लतास,
आशीर्वाद. तुझं पत्र वहिनीनं पोरांसमोर मोठ्यानं वाचलं. आधी राग आला, मग लाज वाटली. जेवण तसंच राहिलं. स्टुलावरच बसलो होतो ना.

कारखान्यातून सोमवारची सुट्टी काढली आहे. ठेचा घेऊन येतो, शेजारणींपासून लपव. एकटी जायचं नाही. कमिटीनं खुर्ची दिली तरी मी घेणार नाही. हेडमास्तरांसमोर खाली जमिनीवर बसून दाखवतो. मला उठवायला मात्र त्यांनीच यायचं.

भेटीअंती बोलूच.
तुझा दादा