खुंटीसकट रंग

ता. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी माझी तक्रार नोंदवून घे. इथल्या न्यायालयातला बाक माणसांवर डूख धरलेल्या सुतारानं बनवलाय. पाठ टेकली की पाय अधांतरी, पाय टेकले की पाठ. आरोपीला मात्र गादीची खुर्ची! पुढच्या वेळी मीच गुन्हा करीन म्हणते.

तर, तुझ्या भाचीची, भिंगरीची, तीन बोटं पत्रे दाबायच्या ज्या प्रेसमध्ये गेली, तिच्या मालकावर सरकारनं भरलेला खटला अखेर उभा राहिला. त्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येणार, म्हणजे हात आत सापडायला नको. पण एका बटणाच्या खाचेत लाकडी खुंटी ठोकून ते कायमचं दाबून ठेवलेलं. एक हात बटणावर, दुसरा पत्रा सरकवायला, माल दुप्पट. वकील म्हणाले, हे मुलींचेच उद्योग, साहेबांना पत्ताच नव्हता. त्यावर साहेबांनी असा चेहरा केला की मीच त्यांना पाणी देणार होते.

भिंगरी मान खाली घालून बसली होती. तिलाही आपलीच चूक वाटते रे.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
पन्नाशीतली छोटी

ता. ११ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पाठीला शेक दे आणि जिभेला विश्रांती. मालकाला शिक्षा झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. फोरमनच्या गळ्यात घालून मोकळे होतील. शिवाय खरं सांगू का, आपली पोरगी पहिल्यापासून धांदरट. तुझी वहिनी म्हणते असं बोलू नका, म्हणून लिहितोय.

तब्येत सांभाळ, आणि आमचा विसर पडू देऊ नकोस.

दादा

ता. २९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

काल निकाल लागला. त्याआधी न्यायाधीशबाई सगळ्यांना घेऊन थेट कारखान्यात गेल्या होत्या. मीही घुसले. साऱ्या प्रेस हिरव्यागार. आणि दादा, खुंट्याही तशाच हिरव्या! साहेब टापटिपीचे. परदेशी पाहुणे यायचे म्हटलं की यंत्रं रंगवून घेतात, स्वतः उभं राहून. रंगाऱ्यानं खुंटीसकट रंगवली. बाईंनी सोबतच्या कारखाना-निरीक्षकाला एक खुंटी खरवडायला सांगितली. हिरव्याखाली राखाडी निघाला. यंत्रं राखाडी होती तेव्हा भिंगरी शाळेत जात होती.

म्हणजे खुंट्या तिच्याही आधीच्या, आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत रंगवलेल्या. यावरून काय ते समज.

दीड वर्षाची कैद. फोरमनला नव्हे, साहेबांना. बाईंनी मोठ्यानं वाचलं, की मुलीची यात तसूभरही चूक नाही. आवाज चढवला नाही, तरी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. पोलिसानं साहेबांच्या कोपराला हात लावला, तेव्हा एवढ्या मोठ्या माणसालाही कोपर असतं हे मला प्रथमच दिसलं. आणि भिंगरीनं वर्षभर खिशात कोंबलेला हात बाहेर काढून सगळ्यांदेखत बाकावर ठेवला.

तुझं ते पत्र मी तिला दाखवलं नाही. आता तू तिला नवं लिही.

बाहेर शेजारच्या प्रेसवरची मुलगी भेटली. त्या दिवशी तिनं आपला कोरा स्कार्फ भिंगरीच्या हाताला गुंडाळला होता; तो परत देण्याजोगा उरलाच नाही. दोघी बोलत होत्या तेवढ्यात मी समोरच्या दुकानातून तसाच एक आणला आणि त्या मुलीच्या पिशवीत हळूच सरकवला.

माझ्यावरचा लोभ या खेपेस माझ्या लेकीकडे वळव.

छोटी