ओढ्यापलीकडची छत्री

सोनई, ता. नेवासा
२० मार्च १९९७

आदरणीय भाऊसाहेब दाजींच्या सेवेशी,

काकासाहेबाचा साष्टांग दंडवत. (कंबर धरल्यामुळे तो पत्रातूनच घालतो आहे.) तुमची आणि आक्काची तब्येत खारं वारं सोसून कशी आहे ते कळवावे.

पहिली तक्रार वाळूची. मला परत येऊन बारा दिवस झाले, तरी तुमचा समुद्रकिनारा माझ्या सामानातून निघतोच आहे. चष्म्याच्या घरात वाळू, पानाच्या डब्यात वाळू. शिलाई मशीन तर रसवंतीसारखं करकरतं. काल राहीबाईने विचारलं, "काकासाहेब, बिलाऊज शिवताय का घर बांधताय?"

दुसरी गोष्ट जड आहे. आक्का पंचायत समितीला नऊ मतांनी पडली. त्यानंतर तिने आमच्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही, म्हणून मी खोलात शिरतो आहे. मी प्रचाराला आलो तेव्हा तुमचं सांगणं एवढंच होतं की सुरूवाडी तुझ्याकडे; वाळूवरून सरळ जा, ओढ्याच्या अलीकडेच वस्ती आहे; आणि नाव सांगत बसू नकोस, चिन्ह सांग, छत्री. मी सरळ गेलो. वाटेत हॉटेलांपुढे मुंबईची माणसं स्वतःला वाळत घालून पडली होती. शहाळीवाल्याला कुतूहलाने विचारलं, हा किनारा कुठल्या गणात, म्हणजे कुणाच्या मतदारसंघात येतो? तो म्हणाला, "भरतीला समुद्राचा, ओहोटीला घोडेवाल्याचा, मतदानाला कुणाचाच नाही."

ओढा काही लागला नाही. (घोटाभर पाण्याची एक रेघ लागली; कुणी चूळ भरली असेल म्हणून ओलांडली. आपल्याकडचा ओढा कोरडा असला तरी ओढा दिसतो तरी.) पुढे वस्ती आली. घरोघर छत्री सांगितली, दुकानाची कार्डंही वाटली. दुपारी एक कोळी म्हणाला, "पाव्हणे, भरती येतेय, निघा." मी म्हटलं, "कसली, पोलिसांची का तलाठ्याची? आमचा पार्थ बारावी झालाय." तो म्हणाला, "ह्या भरतीला शिक्षण लागत नाही, पोहता यावं लागतं." ते समजेपर्यंत परतीची वाट पाण्याखाली गेली आणि मी दिवेलागणीपर्यंत तिथेच अडकलो. पण वेळ फुकट घालवला नाही. सगळ्या वस्तीला पुन्हा एकदा छत्री सांगितली. प्रत्येकाने मान डोलावली.

मग मतं गेली कुठे? सुरूवाडीने दगा दिला हे उघड आहे. तुम्ही तिथे जाऊन कडक चौकशी करावी.

आपला,
काकासाहेब

ता. क. पाकीट चिकटवणार तोच एस.टी.च्या पार्सलने अकरा नारळ आले, सोबत चिठ्ठी. शेजारच्या गणात छत्री दुसऱ्याच एका बाईंना मिळाली होती. त्या आजारपणामुळे प्रचाराला बाहेर पडल्या नाहीत, तरी सोळा मतांनी निवडून आल्या. लिहितात, "ओढा ओलांडून आमच्याकडे आलात आणि ओळखदेख नसताना दिवसभर राबलात. कार्डावरून पत्ता मिळाला." दाजी, ती पाण्याची रेघ म्हणजेच ओढा होता. सुरूवाडी अलीकडे राहिली. तिथे आपल्या बाजूने कुणी थांबून बोललंच नाही.

ता. क. २. चौकशीची मागणी मागे घेतो. आक्काला तुम्ही काही बोलू नका. भाऊबीजेला ओवाळण्याआधी मीच सांगेन, मग तिने ओवाळायचं का नाही ते ठरवावं. अकरा नारळांतले दोन मेहनतीचे म्हणून ठेवून घेतले आहेत. उरलेले नऊ आक्काच्या नावाने परतीच्या गाडीत टाकले.