सासऱ्यांची बरणी आणि माझा ग्रीन अर्क

२ ऑक्टोबर
सासुरवाडीला आलो. कोरियातलं गुमसान. अख्ख्या गावाला जिनसेंगचा, त्या आयुष्य वाढवणाऱ्या मुळाचा, मातकट वास. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ती बरणी: दोन पायांचं दांडगं मूळ, सोजू या कोरियन दारूत बुडवलेलं. माझी बायको हेरान जन्मली तेव्हा सासऱ्यांनी भरली. रविवारी त्यांच्या सत्तरीला उघडणार म्हणे. शी! मी दारूविना अर्क काढण्यात आयुष्य घालतोय, आणि बायकोच्या माहेरी हा गलिच्छपणा!
सासऱ्यांनी विचारलं, काय जावईबापू, अजून साखरेचा पाकच करताय का? पाक नाही, ग्रीन सॉल्व्हंट, बिनविषारी द्रावक! कुणाला सांगायचं?

३ ऑक्टोबर
निश्चय: त्याच मुळाचा ग्रीन अर्क काढून सत्तरीला पाजायचा. कळू दे एकदा, जावई काय चीज आहे. हेरानला सांगायचं नाही. उगाच भुणभुण.

४ ऑक्टोबर
सगळे बाजारात. मूळ काढलं. ती पिवळी घाण नाक दाबून मोरीत ओतली. बरणीत दुसरं मूळ आणि बार्लीचा चहा. रंग हुबेहूब. डोकं लागतं.

६ ऑक्टोबर
लॅब. साखर, सायट्रिक ॲसिड, थोडं पाणी, ध्वनिलहरी. अर्क अगदी रंगहीन. शुद्ध!
रिपोर्टमध्ये सत्त्व जवळजवळ शून्य. मशीन बिघडलंय. इथे एक गोष्ट धड नाही.

८ ऑक्टोबर, रविवार
दोन्ही हातांनी सासऱ्यांच्या प्याल्यात माझा अर्क ओतला. त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. म्हणाले, सरबत कसलं पाजता, माझी बरणी आणा. आणली. सगळ्यांचे प्याले भरले. सगळे चहा प्यायले आणि एकमेकांकडे बघायला लागले.
मग मी अभिमानाने सगळं सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सासूबाई हातातला प्याला खाली ठेवायचंच विसरल्या. सासऱ्यांनी हळूच विचारलं, मूळ इतकी वर्षं दारूत होतं, मग त्यातलं सत्त्व कुठे गेलं असेल हो, डॉक्टरसाहेब?
प्रश्न सोपा होता. दारूत, असं म्हणता म्हणता माझी नजर स्वयंपाकघरातल्या मोरीकडे गेली.
सासरे म्हणाले, म्हणजे आमची मोरी आता शंभर वर्षं जगणार.
कुणीच हसलं नाही. तेसुद्धा.

९ ऑक्टोबर, सकाळ
सासऱ्यांनी बरणी धुऊन पुन्हा टीव्हीशेजारी ठेवली. रिकामीच.
मशीन ठीक आहे, असा लॅबमधून फोन.
स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून मोरीला नाक लावलं. अजून येतोय. वास चांगला आहे.